चाकणचा कौल

किल्ला दाखवणाऱ्या माणसाला एका ठिकाणी साधारण चाळीस मिनिटं मिळतात. त्यापुढे ऊन लागतं, भूक लागते, कुणाला तरी पुढच्या ठिकाणाची घाई असते. या चाळीस मिनिटांत काय सांगायचं हा सुरुवातीला मला सोयीचा प्रश्न वाटायचा. जे रंगतदार ते ठेवावं, बाकीचं गाळावं. पण गाळलेल्या भागातही माणसं असतात, आणि ती आपल्या बाजूची नसली की गाळणं फारच सोपं जातं. या लेखाचा विषय तो गाळलेला भाग आहे. त्यातून निघालेला एक प्रश्नही आहे: शत्रूला दिलेला शब्द पाळायचा असतो का, आणि शत्रूच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो का?

मी भोसरीत नोकरी करतो. महिन्यातल्या एका रविवारी दहा-बारा जणांना घेऊन आसपासचे किल्ले दाखवायला जातो. सकाळी सातला निगडीहून टेम्पो ट्रॅव्हलर निघते. इंदोरीला सरसेनापती दाभाड्यांचा किल्ला, तिथून तळेगाव-चाकण रस्त्यानं चाकणचा संग्रामदुर्ग, वेळ उरला तर चक्रेश्वराचं देऊळ, आणि चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकनं सोडलं तर अंधार पडायच्या आत परत. पन्नास माणसांची बस नेली तर पैसे बरे सुटतील, असं मला अनेकांनी सुचवलं आहे. पण पन्नास माणसांपुढे भाषण होतं. अकरा माणसं असली की गप्पा होतात, मध्येच कुणी अडवतं, आणि प्रश्न टाळला तर तो टाळल्याचं सगळ्यांना दिसतं. लहान गटाचा फायदा तोच आणि त्रासही तोच.

चाकणला गाडीतून उतरल्यावर पहिला शब्द बहुतेक वेळा 'एवढंच?' असा येतो. त्यात लोकांची चूक नाही. हा भुईकोट आहे. डोंगर नाही, चढण नाही, वरून दिसणारी दरी नाही. थोडी तटबंदी, काही बुरूज, खंदकाच्या खुणा, आणि भोवती गाव दाटलेलं. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या बाजूचा लोहगड त्यात आहे, शिवनेरी आहे, चाकण नाही. पाहण्यासारखं किती उरलंय, या मापानं मोजलं तर ते बरोबरच म्हणायला हवं.

चाकणचं महत्त्व उंचीत कधी नव्हतंच, ते रस्त्यात होतं. पुण्याहून जुन्नरकडे आणि अहमदनगरकडे जाणाऱ्या वाटा इथून ताब्यात ठेवता येत. शायिस्तेखान मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला, तेव्हा नगरकडून येणारी रसद सुरक्षित करायला त्याला आधी हा किल्ला हवा झाला. आज याच रस्त्यांवर कंटेनरच्या रांगा लागतात, त्यामागचं कारण फार वेगळं नाही. कांद्या-बटाट्याचा बाजार आणि गाड्यांचे कारखाने दोन्ही रस्ता बघूनच आले. गटातल्या लोकांना हे लगेच पटतं, कारण त्यातले निम्मे रोज त्या रांगेत अडकलेले असतात.

मग मी १६६० ची लढाई सांगतो. ती सांगायला मला आवडतं, आणि ऐकायला सगळ्यांना आवडतं.

२१ जूनला वेढा पडला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. शिवाजीराजांच्या हाती चाकण आलं ते याच फिरंगोजीकडून, आणि राजांनी त्याला त्याच जागी कायम ठेवलं होतं. आतली माणसं तीन-साडेतीनशे असल्याचं सांगितलं जातं. बाहेर हजारोंची फौज. पाऊस सुरू झालेला. राजे स्वतः त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले, त्यामुळे मदत येण्याची आशा नव्हती. मोगलांनी मोर्चे बांधले, ईशान्येच्या बुरुजाच्या दिशेनं भुयार खणलं आणि १४ ऑगस्टला दुपारी सुरुंग उडवला. बुरूज उडाला, वरची माणसं उडाली. मोगल आत घुसायला धावले तर समोर मातीचा उंच बांध. फिरंगोजीनं बुरुजाच्या मागे, बाहेरून दिसणार नाही असा दुसरा तट आधीच घालून ठेवला होता. त्याच्या आडून बाण, बंदुका, दगड. तो दिवस आणि ती रात्र किल्ला टिकला. या लढाईत मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले, असा आकडा जदुनाथ सरकारांनी दिला आहे.

दुसऱ्या दिवशी किल्ला दिला गेला. २१ जून आणि १५ ऑगस्ट हे दोन्ही दिवस धरले तर छप्पन्न दिवस भरतात.

बहुतेक गाईड 'छप्पन्न दिवस' या शब्दांवर थांबतात. मीही थांबत असे. टाळ्या तिथेच येतात. पुढचं एका वाक्यात उरकायचं: खानानं शौर्याची कदर केली, फिरंगोजीला मोगली चाकरी देऊ केली, त्यानं ती नाकारली आणि तो आपल्या माणसांसह राजांकडे परतला. मोगलांनी किल्ल्याचं नाव इस्लामाबाद ठेवलं. चला, पाणी प्या, गाडीत बसा.

एकदा चाकणच्याच एका व्हेंडर कंपनीत फिटर असलेला तिशीतला मुलगा गटात होता. दिवसभर गप्प होता. सगळे गाडीकडे निघाल्यावर म्हणाला, "सर, एक विचारू? दरवाजा उघडल्यावर खान सगळ्यांना कापून काढणार नाही, हे फिरंगोजीला कशावरून कळलं?"

मला ठाऊक असलेलं उत्तर मी दिलं. बोलणी बुंदीच्या राव भावसिंह हाडाच्या मध्यस्थीनं झाली. मोगलांच्या बाजूनं लढणारा राजपूत, पण ज्याच्या शब्दावर दोन्हीकडचे विसंबू शकतील असा माणूस. एका अर्थानं तो जामीन राहिला. "म्हणजे कळलं नव्हतंच," तो म्हणाला. "विश्वास टाकला."

हो, टाकला. आणि छप्पन्न दिवसांतला सगळ्यात धोक्याचा क्षण कदाचित तोच होता. सुरुंग उडाला तेव्हा हातात बंदूक होती, समोर बांध होता. दरवाजा उघडला तेव्हा हातात काहीच नव्हतं.

जुन्या मराठीत या गोष्टीला नेमका शब्द आहे: कौल. कौल म्हणजे अभयाचं वचन. ओसाड गाव पुन्हा वसवायचं असेल तर रयतेला कौल द्यायचे, की या, नांगर धरा, अमुक वर्षं सारा हलका लावू. किल्ला खाली करून घ्यायचा तर आतल्यांना कौल द्यायचे, की बाहेर या, जिवाला धक्का लागणार नाही. देवीला फुलं लावून मागतात तोही कौलच, आणि निवडणुकीनंतर पेपरात छापून येतो तोही. या सगळ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे. मागणाऱ्याच्या हातात काही नसतं. जे ठरायचं ते समोरच्याकडून ठरतं.

आता गाळलेला भाग. चाकणच्या याच किल्ल्याला याआधी सुमारे दोनशे वर्षं असाच एक वेढा पडला होता. तोही पावणेदोन-दोन महिने चालला. तोही कौलावर संपला.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा गादीवर होता. त्याचा सरदार मलिक-उत्-तुज्जार कोकण जिंकायच्या मोहिमेवर होता आणि चाकण हे त्याचं ठाणं होतं. त्यानं एका शिर्क्याला पकडून धर्म बदलायची जबरदस्ती केली. शिर्क्यानं सांगितलं, आधी खेळण्याच्या राजाचा बंदोबस्त करा, मग मी तयार आहे, वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. त्यानं फौज दाट जंगलात नेली आणि तिथे मलिक-उत्-तुज्जार आणि त्याची बरीच माणसं कापली गेली. वाचलेले चाकणला येऊन किल्ल्यात शिरले. हे बहुतेक 'आफाकी', म्हणजे इराण, अरबस्तान, मध्य आशियातून दख्खनेत आलेले लोक. बहमनी दरबारात आफाकी आणि दख्खनी या दोन गटांचं जुनं वैर होतं. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवलं, की हे लोक फितूर झाले आहेत, आणि फर्मान मिळवून चाकणला वेढा घातला. आतल्यांची सुलतानाकडे जाणारी पत्रं वाटेत अडवली. दोन महिने झाले तरी किल्ला पडेना. तेव्हा त्यांनी बनावट माफीनामा दाखवला, कुराणाची शपथ घेतली, दरवाजे उघडले गेले. काही दिवस मानानं वागवलं. मग मेजवानीला बोलावलं आणि जेवायला बसलेल्या माणसांना मारलं. बायका-मुलंही यातून सुटली नाहीत.

हे फरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. तो स्वतः इराणी वंशाचा, म्हणजे मारले गेलेल्यांच्याच बाजूचा, आणि त्यानं लिहिलं ते घटनेनंतर दीडशे वर्षांनी. त्याचे आकडे मी गटाला सांगत नाही. पण घटनेचा सांगाडा खोटा मानायला कारण दिसत नाही. काहीजण त्यातून निसटले, सुलतानापर्यंत पोचले, आणि सुलतानानं दोषींना शिक्षा केली, असं तोच पुढे सांगतो.

फिटरच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर हे सांगणं भाग होतं. कारण त्याचा प्रश्न काल्पनिक नव्हता. याच जमिनीवर, अशाच शब्दावर विसंबून माणसं बाहेर आली होती आणि मेली होती. पुढच्या रविवारपासून मी दोन्ही वेढे सांगायला लागलो.

त्यावर हरकतही आली. प्राधिकरणातल्या एक काकू, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, सुट्टीचा एक दिवस. लोक मुलांना घेऊन येतात ते अभिमानानं परत जावं म्हणून. त्या परक्या सरदारांच्या आपसातल्या कापाकापीशी आपलं काय देणंघेणं?" त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. चाळीस मिनिटांत सगळं सांगता येत नाही, निवड करावीच लागते, आणि फिरंगोजीची गोष्ट सांगणं हे त्याच्या माणसांचं आपल्यावर असलेलं ऋणच आहे.

पण माझं म्हणणं असं: पहिला वेढा गाळला की दुसऱ्या वेढ्यातला फिरंगोजीच लहान होतो. मग दरवाजा उघडणं ही छप्पन्न दिवसांनंतरची औपचारिकता वाटते, जणू हरलेल्यानं किल्ली द्यायची आणि जिंकलेल्यानं पाठ थोपटायची असा नियमच होता. तसा नियम नव्हता. काय होऊ शकतं हे कळल्यावरच त्यानं काय केलं ते कळतं. आणि कौल पाळला म्हणजे शायिस्तेखानानंही काही केलं, हेही तेव्हाच कळतं. आपल्याकडे शायिस्तेखान म्हटलं की तुटलेली बोटं आठवतात. त्याच माणसानं आपली शेकडो माणसं गमावल्यानंतर, संतापाला पुरेसं कारण असताना, दिलेला शब्द पाळला. हे सांगायला मला सुरुवातीला जड गेलं. आता जात नाही.

याच सुमारास फ्रान्सचा विषय निघाला. आमच्या गटात गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतले एक इंजिनिअर होते. ट्रेनिंगला फ्रान्सला गेले असताना त्यांनी लुआर नदीच्या खोऱ्यातल्या शातोंची एका दिवसाची सहल केली होती. आठ माणसांची व्हॅन, गाईडच ड्रायव्हर, तीन शातो. "त्यांनी काय जपलंय हो," ते म्हणाले, "नाहीतर आपलं हे." मग त्यांनी शांबोर सांगितलं. १५१९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजानं सुरू केलेलं, चारशेहून जास्त खोल्यांचं, आणि राजा तिथे राहिला तो सगळे मुक्काम मिळून काही आठवडे. मग आंब्वाझ, जिथे लिओनार्दो दा विंचीचं थडगं दाखवतात.

आंब्वाझचं नाव ऐकल्यावर मी त्यांना विचारलं, १५६० चं काही सांगितलं का? सांगितलं होतं, पण ओझरतं: त्या सज्जातून काही बंडखोरांना लटकवलं होतं म्हणे. लोकांनी सज्जाचे फोटो काढले. मागे नदी छान येते.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये काही प्रोटेस्टंट सरदारांनी तरुण राजाला गीझ घराण्याच्या पकडीतून काढण्याचा कट केला. कट फुटला. त्यातला कास्तेल्नो नावाचा एक सरदार जवळच्या नोआझेच्या गढीत काही साथीदारांसह अडकला. राजाच्या बाजूच्या नेमूरच्या ड्यूकनं त्याला शब्द दिला, की बाहेर ये, राजाला भेट, जिवाला धक्का लागणार नाही. तो त्या शब्दावर बाहेर आला. आंब्वाझला नेल्यावर त्याला कैदेत टाकलं आणि नंतर त्याचं डोकं उडवलं. नेमूरनं रदबदली केली, पण बंडखोर प्रजेला दिलेला शब्द राजाला बांधत नाही, असं उत्तर मिळालं म्हणतात.

चाकण आणि आंब्वाझ यांत हजारो मैलांचं अंतर आहे. एका ठिकाणी दगड पडलेत, दुसऱ्या ठिकाणी तिकीट आहे. पण दोन्हीकडे सहलीला आलेल्या माणसापुढे तोच प्रश्न उभा आहे, आणि दोन्हीकडे तो एका वाक्यात उरकला जातो. दगड जपले म्हणजे आठवण जपली, असं आपण समजतो. आंब्वाझनं दगड उत्तम जपले आहेत.

'बंडखोराला दिलेला शब्द बांधत नाही' हा युक्तिवाद नीट पाहायला हवा, कारण तो कधीच जुना होत नाही. त्याची रूपं बदलतात: परक्याला दिलेला शब्द, काफराला दिलेला, मोगलाला दिलेला, कामगाराला दिलेला, मालकाला दिलेला. समोरचा माणूस शब्दाच्या लायकीचा नाही, म्हणून शब्द मोडला तरी तो मोडलाच नाही. मोगलांच्या हिशेबात फिरंगोजी बंडखोराचाच चाकर होता. शायिस्तेखानाला हा युक्तिवाद सहज वापरता आला असता.

या युक्तिवादाला दोन प्रकारची उत्तरं आहेत. पहिलं व्यवहाराचं. एकदा कौल मोडला की पुढचा किल्ला कौलावर मिळत नाही. आतले शेवटपर्यंत लढतात आणि आपलीच माणसं जास्त मरतात. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यानं १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर जो निबंध लिहिला, त्यात याचं जास्त खोल रूप आहे. युद्धातही अशी कृत्यं करू नयेत, ज्यांनी नंतरच्या शांततेतला परस्परविश्वासच अशक्य होईल, असं तो म्हणतो. आणि त्या कृत्यांच्या यादीत मारेकरी पाठवणं, विषप्रयोग यांच्याबरोबर शरणागतीच्या वेळी केलेला करार मोडणंही नावानिशी आहे. म्हणजे आपला कौल.

व्यवहाराचं उत्तर मला पटतं, पण पुरत नाही. कुणाला कळणारच नाही अशी खात्री असेल तर? त्या मेजवानीतून कुणी निसटलंच नसतं तर? मग शब्द मोडायला हरकत नव्हती का? आपल्याला आतून वाटतं, की तरीही होती. किंबहुना जास्तच होती.

म्हणून दुसरं उत्तर. किल्ल्यातला माणूस शस्त्र ठेवतो तेव्हा तो तट, खंदक, बंदूक सगळं सोडून तुमच्या शब्दाच्या आड येऊन उभा राहतो. त्याचं रक्षण करणारं आता दुसरं काही उरलेलं नसतं. आणि ही अवस्था त्याची त्यानं ओढवून घेतलेली नाही. तुम्ही शब्द दिलात म्हणून तो तिच्यात आला. त्याच्या असहायतेचे कर्ते तुम्ही आहात. तो तुमचा शत्रू असेल, पण त्या घटकेपासून तो तुमच्या आसऱ्याला आहे. शत्रू लायक आहे का, हा प्रश्न शब्द देण्यापूर्वीचा आहे. दिल्यानंतर तो विचारायला उशीर झालेला असतो.

इथे एक जाणकार वाचक मला अडवेल, आणि त्यानं अडवावंच. चाकणला वेढा चालू असतानाच, त्याच जुलैत, पन्हाळ्यावर काय झालं? राजांनी सिद्दी जौहरकडे शरणागतीची बोलणी लावली, वेढा ढिला पडला, आणि रात्रीच्या पावसात राजे विशाळगडाकडे निसटले. बाजीप्रभूंची खिंड आपण सांगतो. ती बोलणी सांगताना 'चातुर्य' म्हणतो. एकीकडे बोलणी म्हणजे चातुर्य आणि दुसरीकडे कौल म्हणजे पवित्र, हे सोयीचं नाही का?

मला वाटतं फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा-त्यांच्या बाजूचा असा नाही. पन्हाळ्याच्या बोलण्यांनी जौहरला फसवलं, पण त्याच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं नाही. त्याची फौज, तोफा, पहारे सगळं जागच्या जागी होतं. गाफील राहणं त्याच्या पदरचं होतं. हा कावा आहे, आणि लढणाऱ्या दोघांनाही तो माहीत असतो. मेजवानीला बसलेल्या माणसाला मारणं हा कावा नाही. तिथे आधी विश्वासानं नि:शस्त्र केलं आणि मग त्याच विश्वासाचा सुरा केला. महाभारतातही युद्धात फसवणूक कमी नाही, पण आपल्या अंगावर काटा येतो तो अश्वत्थामा झोपलेल्यांच्या छावणीत शिरतो तेव्हा. खेळण्याच्या जंगलात शिर्क्यानं जे केलं ते कुठे बसतं, याचा निर्णय मला अजून नीट करता येत नाही. त्याचा शब्द जबरदस्तीनं काढलेला होता, आणि ज्यांना त्यानं फसवलं ते हत्यारबंद होते. मी त्याला काव्याच्या बाजूला ठेवतो. पण त्याचा परिणाम म्हणून चाकणला बायका-मुलांना जे सोसावं लागलं, ते हिशेबात धरलं की हात थोडा अडखळतो.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. विश्वास टाकणाऱ्याचं काय? फिरंगोजीनं टाकलेला विश्वास फळला म्हणून तो बरोबर ठरला का? १६७९ मध्ये दिलेरखानानं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बाणूरचा भूपाळगड घेतला. तिथला किल्लेदारही फिरंगोजी नरसाळाच होता असं सांगतात. त्या वेळी संभाजीराजे मोगलांच्या छावणीत होते. किल्ला पडल्यावर आत सापडलेल्या सातशे माणसांचा एकेक हात तोडण्यात आला. एकोणीस वर्षांत खान बदलला आणि निकाल बदलला. चाकणला त्या दिवशी दिलेरखान असता तर?

तेव्हा निकालावरून न्याय करता येत नाही. त्या सकाळी फिरंगोजीला जे दिसत होतं त्यावरूनच तो करावा लागेल: बुरूज गेलेला, दारूगोळा सरत आलेला असणार, मदत येणार नाही, आणि मध्यस्थ विश्वासाचा. मला सतत टोचणारी गोष्ट अशी, की तो फक्त स्वतःचा जीव पणाला लावत नव्हता. लढत राहिला असता तरी तीनशे जणांचा जीव त्यानं लावला असता, दरवाजा उघडला तेव्हाही लावलाच. त्या तीनशेंना कुणी विचारलं का? एकाचंही नाव मला गटाला सांगता येत नाही. शेवटच्या माणसापर्यंत लढणाऱ्याला आपण पोवाड्यात घालतो. पण शेवटच्या माणसाला मरायचं होतं का, हे विचारणारा पोवाडा नसतो. इतरांचे जीव हातात असलेल्या माणसानं, मान खाली घालावी लागली तरी, योग्य वेळी दरवाजा उघडणं हेही शौर्य आहे, असं मी आता उघड म्हणतो. त्यावर टाळ्या पडत नाहीत.

आणि हा प्रश्न किल्ल्यापुरता राहत नाही, निदान चाकणमध्ये तरी. २०१३ च्या जूनअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, जवळपास पन्नास दिवस, बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात कामगारांचं कामबंद आंदोलन चाललं आणि शेवटी युनियननं ते मागे घेतलं. छप्पन्न दिवस म्हटलं की गटातल्या कुणाला तरी ते पन्नास दिवस आठवतातच, महिनेसुद्धा तेच. मी कंपनीला खान आणि कामगारांना मावळे करत नाही. तो स्वस्त खेळ आहे आणि दोन्ही बाजूंवर अन्याय करणारा आहे. पण कुठलाही संप संपतो त्या सकाळी गेटवर उभ्या असलेल्या माणसासमोर काय असतं ते पाहा. आता आत जायचं. कुणाच्या शब्दावर? नेता सांगतो बोलणं झालंय, कुणावर आकस धरणार नाहीत. मध्यस्थ कोण? लिहून दिलंय की तोंडी? आणि हा निर्णय ज्यानं घेतला त्यानं मला विचारलं होतं का? जमीन देताना शेतकऱ्याला मिळालेला शब्द, कंत्राटी पोराला 'पुढच्या वर्षी परमनंट' म्हणून दिलेला शब्द, हे सगळे कौलच आहेत. ते देणाऱ्याला आठवत नसतील. ज्यानं त्यांच्या भरवशावर हातातलं सोडलं, त्याला आठवतात.

त्या फिटरचा प्रश्न एवढा अचूक का होता, ते मला नंतर उमगलं. तो इतिहास विचारत नव्हता. त्याला काय सोसावं लागलं होतं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण फिरंगोजीला कशावरून कळलं, हे विचारणाऱ्या माणसाला छप्पन्न दिवसांच्या शौर्यानं गप्प करणं म्हणजे त्याचीच फसवणूक झाली असती.

काकूंना मी तेव्हा दिलेलं उत्तर अजूनही कायम आहे. अभिमान मी कमी करत नाही. फक्त त्याची जागा जरा सरकवतो. मातीच्या बांधाचा अभिमान आहेच. त्याच्या शेजारी दरवाजा उघडणाऱ्याबद्दल आदर, कौल पाळणाऱ्या शत्रूबद्दल आदर, आणि त्याच दरवाजातून दोनशे वर्षं आधी बाहेर आलेल्या, आपल्या कुणीही नसलेल्या माणसांसाठी थोडी शांतता. या तिन्ही गोष्टी चाळीस मिनिटांत बसतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. त्यासाठी बाजारपेठेतली वडापावची पंधरा मिनिटं कमी करावी लागतात आणि त्याबद्दल दर महिन्याला कुणीतरी कुरकुरतं.

ती कुरकूर मला चालते. मात्र एवढं ऐकून झाल्यावरही 'कशावरून कळलं' याचं उत्तर कुणी मागितलं, तर माझ्याकडे ते नाही. कळत नाही, एवढंच सांगतो. कौल घेणाऱ्याला ते कधीच कळत नसतं. कळण्याची सोय असती तर कौल लागलाच नसता. म्हणून सगळा भार देणाऱ्यावर येतो, आणि आपल्यातला प्रत्येकजण कधी ना कधी देणाऱ्याच्या जागी असतो.

काकू पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या, नातवाला घेऊन. पहिला वेढा सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मेजवानीचा भाग जरा सावकाश सांगा, मागच्यांना ऐकू येत नाहीये."